चूक वस्तूनेच दाखवावी

मुलांना घरी गणित शिकवण्यासाठी रंगीत प्लॅस्टिकचे संच मागवावेत का, असे अनेक पालक विचारतात. कोकणातल्या घरात त्यांची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. साधन कोणते, यापेक्षा उत्तर चुकल्याचे मुलाला कोण सांगते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कारण ते आईबाबांच्या मुद्रेवरून कळू लागले की मूल वही सोडून आपल्या तोंडाकडे पाहत उत्तरे बदलू लागते.

हातच्याची वजाबाकी घ्या. खराट्यासाठी माडाच्या झावळीचे हीर काढतो, त्यांतल्या सरळ हिरांचे वीतभर तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या सुंभाने बांधाव्यात. ४२ मधून १७ काढायचे, तर समोर चार जुड्या आणि दोन सुटे हीर असतात. वहीत पुष्कळ मुले सातातून दोन वजा करून ३५ लिहून मोकळी होतात. येथे मात्र सात सुटे मागितले की हात थांबतो, कारण दोनच आहेत. मग एका जुडीचा सुंभ सोडावाच लागतो. सुटे बारा होतात, त्यांतून सात जातात, उरलेल्या तीन जुड्यांतून एक जाते आणि २५ राहतात. गाठ सोडताना मूल रेंगाळले तरी आपण पुढे होऊन ती सोडू नये. त्याच बैठकीत तीच वजाबाकी आकड्यांत मांडून घ्यावी, नाहीतर हिरांचा खेळ वेगळा आणि वहीतले गणित वेगळे असे होऊन बसते.

अपूर्णांकांसाठी माळ्यावरची जुनी मापे काढावीत. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. चार हा दोनापेक्षा मोठा, म्हणून पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, असे म्हणणाऱ्या मुलाने शेराचे पाव असलेले चिपटे आणि अर्धे असलेले मापटे तांदळाने एकदा भरून पाहावे.

मोठ्या मुलांसाठी समुद्रासारखे साधन नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा आपल्याकडचा रूढ आडाखा आहे: चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच. हा हिशेब दोन्ही पक्षांत चालतो. घरातल्या कोणा मोठ्या माणसाने सोबत राहून धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी कोठवर आले ते दाखवावे आणि मुलाने तिथी, काढलेली वेळ व पाहिलेली वेळ अशा तीन रकान्यांत नोंद ठेवावी.

खरी गंमत पंधरवडा संपताना येते. अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. म्हणजे एरवी रोज पाऊण तासाने सरकणारी भरती येथे एकदम दीड तास पुढे उडी मारते. समुद्र अशी उडी मारत नाही, तेव्हा हा दोष आडाख्यातच असला पाहिजे. पंधरा तिथ्यांत बारा तास भरून निघायचे, तर एका तिथीला ४८ मिनिटे हवीत. आपण ४५ धरली. रोजची तीन मिनिटांची तूट पंधरवड्यात ४५ मिनिटांची होते, आणि तेवढीच ती जादा उडी असते. पाऊणपटीऐवजी चार पंचमांशपट केली तर हिशेब जुळतो, पण होडी काढण्याच्या घाईत तोंडी करायला पाऊणपटच सोपी.