दुसरं गॅरेज गाठायची घाई नको
लेखात म्हटलंय की रिपेअरनंतर गाडी जास्तच बिघडली तर सरळ दुसरं गॅरेज गाठा. मला नाही पटत. दुसऱ्याने एकदा हात लावला की पहिला मोकळा, "आमच्याकडून नीट गेली होती" म्हणणार आणि मग बसा भांडत. आधी त्याच्याचकडे जा, जॉबकार्डावर (गॅरेजच्या कामाच्या कागदावर) तक्रार लिहून घ्या आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा, नुसतं "आवाज येतोय" सांगून काही होत नाही.

आणि जायच्या आधी इंजिन बंद करून बॉनेट उघडून बघा हो जरा! सर्व्हिसिंगनंतर आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचा वेग) वरखाली, पिकअप गेला, चेक इंजिन लाइट पेटला, तर बऱ्याचदा कारण फालतू असतं, एअर फिल्टर बदलताना सेन्सरचा प्लग अर्धवट बसवलेला असतो नाहीतर इनटेक होजचा (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपचा) क्लॅम्प ढिला राहिलेला, मग हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या नंतरच्या भागातून न मोजलेली हवा आत जाते, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी) आणि स्कॅनरवर त्याचाच कोड पी०१७१ येतो. तो कोड बघून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलायला लावणारे महाभाग पण आहेत बरं का. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ केल्यावर तर काही गाड्यांना आयडल रीलर्न (गाडीच्या कॉम्प्युटरला आयडलिंग पुन्हा शिकवणं) करावंच लागतं, ते विसरतात.

फक्त ब्रेकचं काम झाल्यावर पेडल स्पंजसारखं दबत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, लाइनमध्ये हवा राहिली असेल, काम केलेल्या मेकॅनिकलाच बोलवा नाहीतर टो करून न्या.