मोजपट्टीवाल्या मावश्या

कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या काही मावश्या मोजपट्टी आणि छापील तक्ता घेऊन फूटपाथवर उतरल्या. रुंदी किती, आडवं काय येतं, सावली आहे का, टेकायला जागा आहे का, सगळं टिपायला. फोटो घरच्या ग्रुपवर आले आणि माझ्या मामेभावाने, दादाने, निकाल दिला: "फॉरेनची फॅडं. हे इंजिनिअरचं काम. आणि आपल्याकडे चालतंय कोण?"

दादा, तुझी आई चालते! मामी रोज भाजीला पायी जाते. फूटपाथ इतका उंच की गुडघा साथ देत नाही, म्हणून रस्त्याच्या कडेने, पीएमपीच्या बसला पाठ करून.

आणि फॉरेनचं काय त्यात? फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, हे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण मंजूर केलं. नियम इंजिनिअरांचेच आहेत. मावश्या फक्त ते पाळलेत का बघतायत. मार्च २०२२ नंतर तीनहून जास्त वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. मग बघायचं कुणी?

मी एडिंबरात, लीथला राहतो. स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून आपल्या परिसराला गुण देण्याची 'प्लेस स्टँडर्ड' नावाची प्रश्नावली आहे. चौदा विषय, प्रत्येकाला एक ते सात गुण: चालणं-फिरणं, रहदारी आणि पार्किंग, मोकळ्या जागा, सुरक्षितता, देखभाल. भरतात कोण? पेन्शनर, बाबागाडीवाल्या आया, शाळकरी पोरं. त्यांना कुणी डिग्री विचारत नाही. एडिंबरात दुकानांच्या पाट्या २०१८ मध्येच फूटपाथवरून हटल्या. जानेवारी २०२४ पासून तिथे गाडी लावली की शंभर पौंड दंड; आमची गल्ली बघता बघता मोकळी झाली. हे सगळं मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं.

लीथ वॉक या रस्त्याचं नाही लिहिलं. ट्रामच्या कामात तिथे इतका नागमोडी सायकलमार्ग आखला गेला की त्याचे फोटो चेष्टेचा विषय झाले. दादाच्या हाती आयतं कोलीत कशाला द्या?

तरी तो बोललाच. "लक्ष्मी रोडला गाड्या बंद करून पादचारी दिन करतात तेव्हा गाडी कुठे लावायची ते सांग. तुझं काय जातंय तिकडे बसून?"

गाडीचं उत्तर सोपं आहे: घरी ठेव, बसने ये. दुसरं वाक्य मात्र रुतलं. कारण त्या चौदा विषयांत एक 'ओळख आणि आपलेपणा' असाही आहे. कम्युनिटी सेंटरमध्ये मी चालण्याला झटक्यात सहा दिले, आपलेपणापाशी पेन अडलं. शेवटी चार लिहिले, तेही शेजारची बाई कागदात डोकावत होती म्हणून. कोथरूडला मी फूटपाथसाठी एक देईन आणि आपलेपणाला, न विचारता, सात. गल्लीतले निम्मे बंगले पडून टॉवर झाले, वाण्याचा मुलगा मला ओळखत नाही, तरी सात. त्या सातांवर माझा हक्क किती, हे दादाने विचारलं नाही, पण त्याच्या मनात तेच असणार. इथे कौन्सिलच्या निवडणुकीत मी मत देतो. पुण्यात मत द्यायला विमानाचं तिकीट लागतं, आणि ते मी गणपतीसाठी राखून ठेवतो.

म्हणून मावश्यांनी मोजू नये, असं मात्र होत नाही. दादा अजून पार्किंगवरच अडलाय. मावश्यांनी पुढच्या रविवारी मामीला बोलावलंय, आणि ती जाणार आहे.