पाच चालींतला तो पराभव सापळ्यामुळे नव्हता

‘महिला विश्वविजेतीला अवघ्या पाच चालींत हरवणारा घातक सापळा’ म्हणून चीनची होऊ यिफान विरुद्ध भारताचा ललित बाबू हा बुद्धिबळाचा डाव पुन्हा फिरतो आहे. डाव खरा आहे, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो आहे.

२ फेब्रुवारी २०१७, जिब्राल्टरची स्पर्धा, शेवटची फेरी. होऊकडे पांढरी मोहरी होती. चाली अशा (आधी पांढऱ्याची, मग काळ्याची; नुसते घराचे नाव म्हणजे प्याद्याची चाल, × म्हणजे मारणे) : जी४ डी५, एफ३ ई५, डी३ वजीर एच४ शह, राजा डी२ एच५, एच३ एच×जी४. इथे तिने डाव सोडला.

जी४ने होणाऱ्या सुरुवातीला ग्रोब म्हणतात. त्यात उंट जी२वर आणून डी५वर दाब देणे हाच मुख्य विचार असतो. एफ३ने तीच तिरकी रेघ बंद होते आणि वर वजिराने एका चालीत मात होण्याचा धोका तयार होतो. डी३ने राजाला जेमतेम वाट मिळाली, इतकेच. शेवटी एच३चे प्यादे अडकलेले आहे, कारण ते हलले की एच१चा हत्ती जातो. काळा स्पष्ट जिंकतो आहे, पण मात अजून दूर आहे. होऊच्या ताकदीची खेळाडू असे नकळत खेळत नाही.

तो निषेध होता. दहापैकी सात फेऱ्यांत तिची गाठ महिला खेळाडूंशीच घातली गेली होती आणि हे तिने स्वतः सांगितले. जोड्या संगणकाने नियमानुसार लावल्या, असे आयोजकांचे म्हणणे होते. निषेधाची ही रीत मला पटत नाही. चाहत्यांची तिनेही माफी मागितली. पण मुलींना हा डाव ‘सापळा’ म्हणून शिकवू नका.