तीस बोगदे आणि आमचे हे

रेल्वेला चढ आवडत नाही, ही माहिती लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर मला मिळाली. सांगलीत, आमच्या जेवणाच्या टेबलावर. यांनी ताटातल्या पोळीचा डोंगर केला, पायथ्याशी चमचा आडवा ठेवला आणि म्हणाले, "हा रेल्वेमार्ग. डोंगर आला की गाडी वर चढत नाही, पोखरून पलीकडे जाते. म्हणजे तुला चढ असा लागणारच नाही." मग डोंगर भाजीला लावून खाऊन टाकला.

मुलगी नोकरीसाठी स्पेनला, सेव्हिलमध्ये असते. "आई, ये एकदा, मस्त सायकल चालवू," असं ती मला म्हणाली होती. तयारी यांनी केली. स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलींच्या आणि चालणाऱ्यांच्या वाटा केल्या आहेत. त्यांना 'विया वेर्दे' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. १९९३ पासून हा उद्योग चाललाय आणि आता अशा वाटा ३,००० किलोमीटरच्या वर गेल्यात. यांनी आधी निवडली होती ती १६० किलोमीटरची, तेरुएलच्या लोखंडाच्या खाणींकडून समुद्राच्या बाजूला उतरणारी. खनिज वाहून न्यायला ती रेल्वे बांधली होती. "मी खनिज नाही," एवढंच मी म्हणाले. मग अँडालुसियातली ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो ही वाट ठरली. ३६ किलोमीटर, ४ मोठे पूल, ३० बोगदे. त्यातलाही अर्ध्याहून थोडा जास्त भाग जायचं आणि परत ओल्वेराला मुक्कामाला यायचं. मोटारी नाहीत, ट्रक नाहीत, हॉर्न नाही. आदल्या दिवशी मुलीला ऑफिसचं काम निघालं. ते काम खरं होतं का, याची मला अजून शंका आहे.

सायकलची मला भीती नव्हती. कॉलेजला असताना रोज मिरजेहून विश्रामबागला सायकल मारत होते. आमच्या भागात चढ म्हणजे आयर्विन पुलाचा चढ, तो संपतो कधी ते कळतही नाही. भीती वाटायला हवी होती ती शांततेची, पण ते तिथे गेल्यावर कळलं.

आमचा संसार ज्या गोष्टींवर टिकला आहे त्यांत सांगली-मिरज रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा वाटा फार मोठा आहे. स्कूटरवर पुढे हे बोलत असतात, मागे मी बसलेली असते, शेजारून एसटी हॉर्न देत जाते आणि मी "हो ना" म्हणते. एकतीस वर्षांत यांनी सांगितलेल्यातलं साधारण चार आण्यांचं माझ्या कानांपर्यंत पोचलं असेल. ओल्वेरा स्टेशनवर भाड्याच्या सायकली घेतल्या, शंभर पावलं गेलो, आणि बारा आणे एकदम वसूल व्हायला लागले. एप्रिल महिना, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, मधूनच लाल पॉपी, चाकांखाली बारीक खडी करकरतेय आणि त्या आवाजावर एकच आवाज. मध्ये एसटी नाही, कुत्रं नाही, भोंगा नाही.

आणि मग पहिला बोगदा आला.

"ही लाइन १९२०च्या दशकात," हे म्हणाले. बोगदा म्हणाला, "दशकात... शकात... कात." "प्रिमो दे रिव्हेराच्या हुकूमशाहीत बांधायला घेतली." "घेतली... तली... ली." उजेडात एकदा ऐकायचं आणि अंधारात दोनदा. तीसला दोननं गुणून बघितलं आणि पुढचे गुणाकार सोडून दिले.

गोष्ट मात्र ऐकण्यासारखी होती, हे कबूल करते. हेरेस ते आल्मार्गेन अशी ती रेल्वे व्हायची होती. बोगदे खणून झाले, पूल उभे राहिले, स्टेशनं बांधली. मग मंदी आली, १९३६ साली यादवी युद्ध पेटलं, पैसा आटला आणि काम जे थांबलं ते थांबलंच. या वाटेवरून गाडी एकदाही धावली नाही. म्हणजे त्या ओल्वेरा स्टेशनावर कोणी कोणाला सोडायला आलं नाही की न्यायला आलं नाही. आमच्याकडे कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेच्या बातम्या कित्येक वर्षं वाचतेय, पण बोगदे आधी खणून ठेवण्याचा उतावीळपणा कोणी केला नाही, एवढं आपलं शहाणपण.

एका लांबलचक बोगद्यात मी सवयीप्रमाणे डावीकडून चालले होते. समोरून सहा-सात दिवे आले. दिव्यांच्या मागे स्पॅनिश पेन्शनर मंडळी, सगळ्यांची वयं आमच्याहून जास्त आणि वेग दुप्पट. "देरेचा! देरेचा!" अशी आरोळी उठली. देरेचा म्हणजे उजवीकडे, हे मला येत होतं. सहा महिने मोबाइलवर स्पॅनिश शिकत होते. पण येणं वेगळं आणि अंधारात हँडल वळणं वेगळं. मी भिंतीला खांदा लावून उभी राहिले. ते एकेक करून "ओला", "ओला" म्हणत गेले, शेवटच्या आजींनी तर माझा दंड थोपटला. मग यांनी मला डावी बाजू आणि उजवी बाजू यांतला फरक समजावून सांगितला. दोनदा.

बाराच्या सुमाराला वाटेत खाण्याचं ठिकाण लागलं. मी घोटवलेलं वाक्य म्हटलं, दोन कॉफी आणि काहीतरी खायला, मांस नको. काउंटरमागचा पोरगा म्हणाला, "दो?" मी म्हटलं, "हां, दो." आणि मग थबकले. हा हिंदी बोलतोय? नंतर मुलीनं फोनवर सांगितलं की अँडालुसियातली माणसं शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, त्यामुळे 'दोस'चं 'दो' होतं. सहा महिन्यांत मी जितके 'स' पाठ केले होते तितके इथे लोक पोटात घालतात. कॉफी आली. खायला मात्र दीड वाजता, स्वयंपाकघर तेव्हा उघडतं. "परत जाताना जेवू," हे म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा.

परतीची वाट चढाची निघाली. "चढ नाही हा, दोन टक्क्यांच्या आत आहे," हे म्हणाले. टक्का लहानच होता, पण तो सुटेना. बँकेच्या कर्जासारखा दर किलोमीटरला वाढत गेला. त्याच खाण्याच्या ठिकाणी पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. स्वयंपाकघर चारला बंद झालं होतं. रात्रीचं जेवण साडेआठनंतर. दुपारी एकला जेवून चारला चहा घेणाऱ्या माणसाला या देशात जागाच नाही. सकाळच्या भुकेला उशीर झालेला असतो आणि संध्याकाळची भूक लवकर आलेली असते. बरोबर आणलेलं भडंग आम्ही एका न चालू झालेल्या स्टेशनच्या फलाटावर बसून, मोजून वाटून खाल्लं.

पुढे साफ्रामागोनचा सुळका आहे, उघडाबोडका उंच खडक. त्यावर ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. तिथे मी सायकल आडवी टाकली आणि कडेच्या गवतात स्वतःही आडवी झाले. गुडघे संपावर गेले होते. मलमाची ट्यूब काढून दोन्ही गुडघ्यांना चोळली. वर बघितलं तर चार-पाच गिधाडं गोल फिरत होती. पंख हलवत नव्हती, घाई दाखवत नव्हती. गोल मात्र नेमका माझ्या डोक्यावर होता.

"हलत राहा," हे म्हणाले, आणि हातातली ट्यूब घेऊन वाचायला लागले. "डायक्लोफिनॅक! अगं, यानंच तर आपल्याकडची गिधाडं गेली. गुरांना हे औषध द्यायचे, ती गुरं मेली की गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं बंद पडून मरायची. २००६ साली आपण जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. आणि स्पेननं २०१३ मध्ये परवानगी दिली, बोल!" मी काय बोलणार? एकतर मी मेल्यासारखी पडले होते आणि त्यात विषारी निघाले. वरच्या मंडळींना हे ओरडून सांगावंसं वाटलं, की मला खाल्लंत तर नुकसान तुमचंच आहे. यांनी मात्र तिथेच आपला रुमाल भिजवून माझ्या कपाळावर ठेवला आणि पाच मिनिटं गप्प बसले. नोंद असावी.

सातला ओल्वेरा स्टेशन आलं. सायकली परत केल्या. मी म्हटलं, "चला, खोलीवर." यांनी बोट दाखवलं. आभाळात. चुन्यानं रंगवलेली पांढरी घरं एकावर एक चढत गेली होती, सगळ्यांत वर किल्ला आणि चर्च, आणि चर्चच्या अलीकडचं एक घर आमचं. सकाळी मुलीच्या मित्रानं मोटारीतून खाली सोडलं होतं, तेव्हा झोपेत कळलं नव्हतं.

"रेल्वेला चढ आवडत नाही," हे जरा हळू आवाजात म्हणाले, "पण गाव तसं सरहद्दीवरचं. १३२७ साली कॅस्टिलच्या राजानं घेतलं, पलीकडे ग्रनाडाचं राज्य. शत्रू लांबून दिसायला हवा ना. आणि व्ह्यू आहे म्हणून तर मी ती खोली घेतली."

तो चढ मी कसा चढले ते लिहीत नाही. एक आजीबाई दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन मला मागे टाकून गेल्या, एवढंच सांगते. एका वळणावर मी यांना विचारलं, गाडी सुरू झाली असती तरी स्टेशनवरून सामान घेऊन वर कोण आणणार होतं? यावर यांच्याकडे माहिती नव्हती. दिवसभरात पहिल्यांदाच.

खोलीत पोचल्यावर पिशवी उघडली. मलमाची ट्यूब नव्हती. गिधाडांजवळ वाचून झाल्यावर यांनी ती आपल्या सायकलच्या पुढच्या पिशवीत टाकली होती आणि सायकल स्टेशनवर होती.

"उद्या आणू," हे म्हणाले.

मी नुसतं बघितलं.

हे गेले. मी खिडकीशी खुर्ची ओढली, पाय पलंगावर टाकले आणि व्ह्यू बघितला. खाली पांढऱ्या भिंतींमधून हे उतरत होते, बरोबर गावातला कोणी म्हातारा होता. यांचे दोन्ही हात हलत होते, म्हणजे एक डोंगर आणि एक चमचा. बोलणं मात्र काही ऐकू येत नव्हतं.