लिंबाची पानं पिवळी पडली की एप्सम सॉल्ट? आधी पान तरी बघा

"कुंडीतल्या लिंबाची पानं पिवळी पडली म्हणजे मॅग्नेशियम कमी. दर आठवड्याला चमचाभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घाला, मातीत गंजके खिळे पुरा, रोज पाणी द्या, पानांवर डाग दिसले तर हळद घातलेलं ताक फवारा. पंधरा दिवसांत झाड हिरवंगार, फुलगळ बंद." बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर सतत फिरत असतो. त्यावर विश्वास ठेवून लोक मनापासून सेवा करतात आणि वाचण्यासारखी झाडं घालवून बसतात. म्हणून त्यातल्या एकेका दाव्याला हे उत्तर.

"पिवळं म्हणजे मॅग्नेशियम." पिवळेपणा नव्या पानांवर आहे की जुन्या, हे आधी पाहायचं. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं. त्यामुळे खालची पानं कडेकडून पिवळी होतात आणि देठापाशी उलट्या 'व्ही'सारखा हिरवा भाग उरतो. असं पान दिसलं तर एप्सम सॉल्ट जरूर द्या. जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट होत असतील तर भूक नत्राची आहे. शेणखत किंवा गांडूळखत घाला. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी आहे. नवी पानं बारीक, अरुंद आणि ठिपकेदार पिवळी येत असतील तर जस्त. नत्र, लोह, जस्त या तिन्ही कमतरतांना मॅग्नेशियम हे उत्तर नाही. उलट दर आठवड्याला एप्सम सॉल्ट ओतत राहिलं तर क्षार कुंडीतच साचतात आणि पानांची टोकं करपायला लागतात.

"गंजके खिळे पुरा." गंज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मग मुळांना मिळणार काय? लोह बहुतेक मातीत असतंच. बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. तिथे चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, लागतं. पाणी फार जड असेल तर ईडीडीएचए प्रकारचं, कारण ते अल्कधर्मी मातीतही टिकतं. आणि अशा कुंडीत राख किंवा चुना घालू नका, दुखणं आणखी वाढेल.

आता सगळ्यात घातक सल्ला: "रोज पाणी द्या." गॅलरीतली लिंबं मरतात ती बहुतेक जास्त पाण्याने. मुळं कुजायला लागली की ती अन्नही उचलू शकत नाहीत, म्हणून वर दिसणारी लक्षणं थेट उपासमारीसारखी असतात. फरक शिरांवरून कळतो. मुळं बिघडलेल्या झाडाच्या पानाची मधली शीरच बरेचदा आधी पिवळी पडते आणि माती ओली असूनही पानं मलूल लोंबतात. अशा झाडाला खत देणं म्हणजे आजारी मुळांवर आणखी भार टाकणं. बोटाची दोन पेरं मातीत खुपसा, ओल लागली तर पाणी नको. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, तळाचं भोक मोकळं आहे ना ते पाहा. बुंध्याजवळ डिंक पाझरत असेल तर तो डिंक्या रोग. तिथली माती बाजूला करून कलमाचा जोड उघडा ठेवा.

नर्सरीतून आणलेल्या रोपाबाबत आणखी एक. मुळांभोवती बऱ्याचदा लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत बसवला तर बाहेरची माती कोरडी आणि गोळा आतून चिखल, किंवा नेमकं उलट. वरून पाहून काहीच कळत नाही. लावतानाच गोळ्याच्या कडा हलक्या हाताने मोकळ्या करा.

"डागांवर हळद-ताक." कुठले डाग? कागदी लिंबावर हमखास येणारा खैऱ्या जिवाणूंमुळे होतो: खरखरीत, उंचवट्याचे तपकिरी डाग, भोवती पिवळं वलय, काटक्यांवर आणि फळांवरही. रोगट काटक्या छाटून जाळायच्या आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात फवारायचं. पानांवर चंदेरी नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी. ती पानाच्या सालीच्या आत असते, वरचं ताक तिच्यापर्यंत पोचतच नाही. नवी पालवी फुटत असतानाच निंबोळी अर्क फवारा. पोखरलेली पानं झाडावर राहू द्या, ती अजून अन्न बनवत असतात. काळी काजळी आणि मुंग्या दिसल्या तर पान उलटून मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड शोधा. काजळी त्यांच्या गोड चिकट स्रावावर वाढते. कीड गेली की तीही जाते.

"फुलगळ बंद." लिंबू आपली बहुतेक फुलं आणि बारीक फळं स्वतःहूनच टाकतं, तो आजार नाही. काळजी करायची ती कुंडी आठवडाभर कोरडी ठेवून एकदम भरभरून पाणी देण्याची. त्याने टिकणारी फळंही गळतात.

राहिले ते पंधरा दिवस. पूर्ण पिवळं झालेलं पान सहसा परत हिरवं होत नाही, ते गळणारच. ते गळालं म्हणून घाबरून दुसरा डोस देऊ नका. उपाय लागू पडला की नाही हे पुढच्या पालवीवरून ठरवा.