थेंबे थेंबे तळे साचे

जळक्या ऑइलवर, म्हणजे गाडीतून काढलेल्या जुन्या इंजिन ऑइलवर, चालणारा हीटर बसवावा, हे माणसाला सुचतं ते ऐन थंडीत, बोटं गार पान्याला चिकटायला लागल्यावर. कोपऱ्यात काळ्या ऑइलचे कॅन साठलेले असतात, ते टाकायचे कुठे हा घोर असतोच, आणि तेवढ्यात कळतं की एक लिटर ऑइलात साधारण दहा युनिट विजेइतकी उष्णता आहे. तीही फुकट! ऑइल फुकट असतं हे मला मान्य आहे. मात्र त्याची बडदास्त जावयासारखी ठेवावी लागते, आणि रुसवाही त्याचाच जास्त असतो.

पहिला रुसवा पाण्याचा. वापरलेल्या ऑइलात पाणी असतंच. ते तळाशी जाऊन बसतं आणि हीटरच्या आतल्या पेटलेल्या भांड्यात पोचलं की क्षणात वाफ होतं. वाफ म्हणजे पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट पसारा, आणि तो पसरताना जळतं ऑइल बरोबर घेऊन उडतो. म्हणून ऑइल उभ्या पिंपात निदान तीन आठवडे निवळू द्यायचं आणि नळ पिंपाच्या बुडाला न बसवता तळापासून चारेक इंच वर बसवायचा. पाणी गेलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. जाड पत्रा चांगला तापवून त्यावर एक थेंब सोडा. गुपचूप धुरावला तर ठीक. मोहरीसारखा तडतडला तर पिंपाला आणखी आठवडाभर हात लावू नका. त्यानंतर गाळण. आधी तारेची जाळी, मग शंभर मायक्रॉनची कापडी पिशवी. गार ऑइल ओतलंत तर रात्रभर पिशवीकडे बघत बसाल, म्हणून ते आधी कोमट करून घ्यायचं.

पिंपात काय जाऊ द्यायचं नाही, यावर मी जरा हट्टी आहे. पेट्रोल नाही, थिनर नाही, कूलंट नाही. ब्रेक क्लीनर तर मुळीच नाही, कारण क्लोरीनवाला क्लीनर जळला की त्यातून विषारी वायू निघतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल कोणी प्रेमानं आणून दिलं, तर तितक्याच प्रेमानं परत करा. आणि राहत्या जागी असलं ऑइल जाळायला परवानगी आहे का, हे पत्रा कापायच्या आधी विचारून घ्या, नंतर नको.

भट्टीच्या अंगाबद्दल थोडक्यात. बहुतेक जण गॅसचा जुना सिलिंडर वापरतात. आधी तो पूर्ण रिकामा करून व्हॉल्व्ह काढायचा, मग काठोकाठ पाण्यानं भरायचा आणि त्यानंतरच कापायचा. आतलं जळणीचं भांडं बिडाचं किंवा निदान सहा मिलिमीटर जाड लोखंडाचं हवं. पातळ डबा एका हंगामात चाळणी होतो. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत किंवा भट्टीला लागून नको, कारण तापलं की जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत जातो.

आता खरा छळ: थेंब. या शेगडीत ऑइल जळत नाही, त्याची वाफ जळते. म्हणून भांडं आधी तापलेलं हवं. पेलाभर डिझेल आणि एक चिंधी, दहा-पंधरा मिनिटं, आणि मगच ऑइलची धार. धार किती? तासाला अर्धा लिटर म्हणजे साधारण पाच किलोवॉट उष्णता, आणि त्यातली बरीच धुराड्यातून आभाळ तापवायला जाते. लहान वर्कशॉपला तेवढी पुरते. थेंब मोजत बसू नका, सेकंदाला तीन-चार पडतात, डोळे फिरतील. नळीखाली मापाचा पेला धरा आणि घड्याळ लावा. मिनिटाला आठ मिलिलिटर म्हणजे झाला अर्धा लिटर.

एवढं करून माणूस समाधानानं कामाला लागतो, आणि अर्ध्या तासात भट्टी लालबुंद होऊन रेल्वेसारखी घरघरू लागते. व्हॉल्व्हला कोणी हात लावलेला नसतो. झालेलं असं असतं, की खोली तापली, तिच्याबरोबर टाकीही तापली. दहा अंशांवरचं इंजिन ऑइल चाळीस अंशांवर आलं की चार-पाच पटींनी पातळ होतं, आणि गारठ्यात मध टपकावा तसा टपकणारा नीडल व्हॉल्व्ह (बारीक स्क्रूनं धार कमी-जास्त करणारा) त्याच फटीतून धार सोडू लागतो. जितकी धार जास्त तितकी खोली गरम, जितकी खोली गरम तितकी धार जास्त. मग व्हॉल्व्ह आवळायचा. रात्री गार झालं की सकाळी तीच फट बंद पडलेली, की पुन्हा सैल. याला उपाय आहेत. टाकी भट्टीपासून लांब ठेवा. मधे फ्लोटवाली, म्हणजे तरंगत्या गोळ्यानं पातळी राखणारी, छोटी टाकी घाला, म्हणजे पातळीचा दाब तरी बदलणार नाही. सगळ्यात चांगला मोजून ढकलणारा गिअर पंप; त्याला पातळ-घट्ट याचं फारसं सोयरसुतक नसतं. नीडल व्हॉल्व्हच्या आधी एक बॉल व्हॉल्व्ह हवाच. घाबरलेल्या माणसाला बारीक स्क्रू फिरवता येत नाही, दांडा आडवा करता येतो. आणि नळीची तोंडं कथलानं जोडू नका, कथील दोन-सव्वादोनशे अंशांत वितळतं. फ्लेअरचे, म्हणजे नळीचं तोंड फुलवून नटानं आवळायचे, सांधे वापरा.

याच्या उलट प्रकार जास्त वाईट. ज्योत विझते आणि थेंब मात्र इमानेइतबारे पडत राहतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण शाळेत बचतीसाठी शिकवतात. इथे ते तळं तापलेल्या भांड्यात साचतं आणि त्यातून पांढरी वाफ वर येते. त्यात काडी टाकायची नाही. वरून डिझेल तर अजिबात नाही. भट्टीचं पोट वाफेनं भरलेलं असतं, ठिणगी पडली की झाकण छताला भेटून येतं. ऑइल बंद करा, भांडं हाताला गार लागेपर्यंत थांबा, तळं पुसून काढा, आणि पहिल्यापासून सुरू करा. चहा पिऊन या म्हटलं तरी चालेल, दोन कप होतील.

ब्लोअर, म्हणजे भट्टीत हवा फुंकणारा पंखा, लावलेला असेल तर वीज जाण्याचाही विचार करा. पंखा थांबतो, गुरुत्वाकर्षण थांबत नाही. म्हणून ऑइलच्या नळीवर वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पंख्याच्याच बटणावर. हाताशी कोरड्या पावडरचं अग्निशामक आणि बादलीभर वाळू. पाण्याची बादली जवळपाससुद्धा नको. संकटात हात आधी तिच्याकडेच जातो.

धुराडं सहा इंची, सरळ, चार-साडेचार मीटर उंच आणि छपराच्या माथ्यावर गेलेलं. वळवावंच लागलं तर एका काटकोनाऐवजी पंचेचाळीस अंशांची दोन वळणं. लाकडी भिंतीपासून नळकांडं दीड फूट लांब. ज्योत लालसर आणि वर काळा धूर असेल तर हवा कमी पडतेय. लख्ख पिवळी झाली की जमलं. ती हवा खोलीतूनच जाते, म्हणून बाहेरची हवा आत यायला भोक ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. त्या वायूला वास नसतो, तेव्हा माझं नाक तिखट आहे वगैरे सांगू नका.

भांडं रोज खरवडायचं. तळाशी दगडासारखी काजळी आणि त्यावर करडी भुकटी. ऑइलातलं जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस जळत नाही, तीच ही राख. मास्क लावा, फुंकर मारू नका.

आता हिशोब. दिवसाला सहा तास म्हणजे तीन लिटर. एका मोटारीचं ऑइल बदललं की निघतं साधारण चार लिटर. म्हणजे सव्वा दिवस. कोपऱ्यातले ते कॅन, ज्यांचं करायचं काय असा घोर होता, पहिल्याच पंधरवड्यात संपतात, आणि माणूस ओळखीच्या प्रत्येकाला विचारत सुटतो, ‘ऑइल कधी बदलताय?’ कोणीतरी बदलतं, आनंदानं डबा आणून देतं. तो आणून पिंपात ओतायचा, आणि मग तीन आठवडे कुडकुडत, तो निवळायची वाट बघायची.