‘फाटक्या पाकळ्यांचे रोगट ट्युलिप’ या अभिप्रायास आमच्या रोपवाटिकेचे उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

डिसेंबरमध्ये आमच्याकडून नेलेल्या पॅरट ट्युलिपच्या 20 कंदांविषयी आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे, की त्यांपैकी 9 कंदांनाच फुले आली. पाकळ्या कडेने फाटलेल्या व हिरव्या डागांच्या निघाल्या, म्हणजे कंद रोगट होते. दांडे आखूड राहून फुलाच्या ओझ्याने कलले. उरलेल्यांत 2 कंद लावायचेच राहिले आणि बाकीच्यांच्या कळ्या उमलण्याआधीच वाळल्या. आणि हे कंद पुढच्या वर्षी फुलणार नाहीत असे आमच्या मुलाने सांगितल्यावर आपल्याला सारा व्यवहारच फसवणुकीचा वाटला. सर्व रक्कम परत मिळावी अशी आपली मागणी आहे. दर हिवाळ्यात थोड्याफार फरकाने हेच प्रश्न आमच्यापुढे येत असल्याने येथे सविस्तर लिहीत आहे.

पाकळ्यांचे आधी सांगतो, कारण रोगट हा शब्द आम्हाला सर्वांत लागला. कातरलेल्या, पिळवटलेल्या, पिसासारख्या कडा आणि कळी असताना पाकळीवर दिसणारा हिरवा पट्टा हीच पॅरट ट्युलिपची ओळख आहे. साध्या ट्युलिपच्या एखाद्या जातीत आपोआप जनुकीय बदल होतो आणि असे फूल निघते; माळी तो कंद वेगळा काढून वाढवतो आणि पिल्लू कंदांतून तो गुण पुढे टिकतो. 1937 ची ‘ब्लॅक पॅरट’ किंवा 1942 ची ‘रोकोको’ या जाती अशाच जन्मल्या. आपण नेलेली लाल-पांढरी ‘एस्टेला राइनवेल्ड’ 1954 पासून प्रचारात आहे आणि तिच्या पांढऱ्यात हिरव्याची झाक असणे हा तिचा गुणच मानला जातो. पाकिटावरचे चित्र पूर्ण उमललेल्या फुलाचे आहे. आपण अभिप्रायासोबत टाकलेले छायाचित्र मात्र अर्धवट उघडलेल्या कळीचे दिसते; त्या अवस्थेत फूल हिरवट आणि चुरगळल्यासारखेच असते, रंग नंतर भरत जातो.

ट्युलिपच्या रेघांमागे रोग असतो, ही समजूत मात्र अगदीच निराधार नाही. हॉलंडमध्ये 1630 च्या दशकात ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या ट्युलिपसाठी लोकांनी घरे गहाण टाकल्याच्या कथा सांगतात, त्यांतील पट्टे विषाणूमुळे पडत होते. इंग्लंडमधील डोरोथी केली यांनी 1928 मध्ये रोगट कंदाचा तुकडा निरोगी कंदावर कलम करून हा दोष एकातून दुसऱ्यात जातो हे दाखवून दिले. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो आणि कंद वर्षागणिक खंगत जातो. पॅरट ट्युलिपच्या कातरलेल्या कडांशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय परदेशातून येणाऱ्या कंदांना वनस्पती संगरोध आदेश, 2003 नुसार निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. आपल्या खेपेच्या प्रमाणपत्राची प्रत दुकानात आहे, ती आपण केव्हाही पाहू शकता.

आता आखूड दांडे आणि वाळलेल्या कळ्या. या दोन्ही गोष्टींचे मूळ उष्णतेत आहे. ट्युलिपच्या कंदाला आतील कळी व दांडा नीट वाढण्यासाठी साधारण 2 ते 9 अंश सेल्सिअसमध्ये 12 ते 16 आठवडे राहावे लागते. श्रीनगरला दल सरोवराजवळ 2007 मध्ये सुरू झालेल्या ट्युलिप बागेत ही थंडी जमिनीतच मिळते. शरद ऋतूत लावलेला कंद बर्फाखालचा हिवाळा काढून मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलतो. कोल्हापुरात ऐन जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारण 15 अंशांच्या आसपास थांबते आणि दुपारी पारा 28-30 पर्यंत जातो. त्यामुळे येथे ती थंडी शीतगृहातच द्यावी लागते, आणि ती दिलेलेच कंद आम्ही विकतो. (दिवाळीला कुंड्या लावायच्या म्हणून ऑक्टोबरातच कंद मागणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबवतो आणि त्यात काही गिऱ्हाइके तुटतात, त्याला इलाज नाही.) मात्र दिलेली थंडी पुढे सांभाळावी लागते. कंद पुन्हा उष्णतेत पडला, की तिचा परिणाम ओसरू लागतो. दांडा ताणला जात नाही आणि कळी पानांतच अडकते. पॅरट ट्युलिप हा उशिरा फुलणारा, जड फुलाचा गट असल्याने साध्या लाल ट्युलिपपेक्षा त्याला हा फटका अधिक बसतो. त्याचा दांडा चांगल्या थंडीतही वाऱ्याने कलतो. पन्हाळ्यावर थंडी थोडी बरी मिळते, पण वारा इतका, की तेथील गिऱ्हाइकांना आम्ही बारीक काठीचा आधार द्यायला सांगतो.

आपल्या अभिप्रायातील तीन वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली. कंद नेल्यावर लावायला सवड नव्हती म्हणून ते ‘फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, फळांसोबत जपून’ ठेवले होते. नंतर ‘पोषण कमी पडू नये म्हणून कारखान्यावरून आणलेले ताजे मळीखत’ कुंड्यांत घातले. आणि कुंड्या ‘दिवसभर ऊन मिळावे म्हणून’ गच्चीवर ठेवल्या. ही सारी काळजी आस्थेने घेतलेली आहे, यात शंका नाही. पण ट्युलिपला ती मानवत नाही. पिकणारी फळे, विशेषतः सफरचंद व केळी, इथिलीन वायू सोडतात आणि बंद फ्रीजमध्ये त्या वायूने कंदातील कळी बाहेर येण्यापूर्वीच मरू शकते. वरून कंद टणक आणि निरोगीच दिसतो. मळीखत उसाच्या रानात सोने आहे, परंतु ताजे असताना ते कुजताना तापते व ओल धरून ठेवते. पहिल्या फुलापुरते अन्न कंद स्वतःतच घेऊन येतो, त्याला लागतो तो पाण्याचा निचरा. म्हणून काळी माती टाळून तांबडी माती, भरड वाळू आणि कोकोपीट यांचे मिश्रण वापरावे. गच्चीचे म्हणाल, तर कोवळे ऊन दहापर्यंत पुरे. दुपारी सिमेंटवर ठेवलेल्या कुंडीतील माती हवेपेक्षाही जास्त तापते. फळांपासून दूर ठेवणे, खत न घालणे आणि दुपारची सावली या तिन्ही सूचना पिशवीतील मराठी पत्रकावर छापलेल्या आहेत.

पुढच्या वर्षीचा प्रश्न उरतो. ट्युलिपचा लावलेला कंद फुलून झाल्यावर संपतो व त्याच्या जागी पिल्लू कंद तयार होतात. फुलानंतर काही आठवडे थंड हवेत पाने हिरवी राहिली, तरच ते फुलण्याजोगे भरतात. आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता पाने पिवळी पडतात, पिल्ले बारीक राहतात आणि जूनच्या पावसात बहुतेक कुजतात. दिल्लीत रस्त्याकडेला दिसणारे ट्युलिपसुद्धा बहुतांशी नेदरलँड्समधून आणलेल्या कंदांचे असतात. म्हणून कोल्हापुरात ट्युलिप एका हंगामापुरताच घ्यावा असे आम्ही विक्रीच्या वेळीच सांगतो आणि बिलावरही तसा शिक्का असतो. एकदा लावून काही वर्षे फूल हवे असेल त्यांना आम्ही निशिगंध नाहीतर लिली सुचवतो, जरी त्यात आमचा नफा कमी असला तरी.

रकमेविषयी आमची भूमिका अशी आहे. फुललेल्या 9 कंदांचे पैसे परत करता येणार नाहीत. वाळलेल्या कळ्यांचे कंद मातीतून काढून ठेवले असतील तर ते, आणि आपण लिहिल्याप्रमाणे न लावता फ्रीजमध्ये उरलेले 2 कंद, सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दुकानात घेऊन यावेत. न लावलेले कंद आपल्यासमोर उभे चिरू. आतील भाग तपकिरी, मऊ किंवा आंबूस वासाचा निघाला तर ती बुरशीची कूज आहे आणि अशा कंदातूनही इथिलीन सुटून शेजारचे कंद बिघडतात. तसे आढळल्यास न फुललेल्या सर्व 11 कंदांची रक्कम त्याच वेळी परत मिळेल. कंद पांढरा, घट्ट आणि आतील कळी तेवढी सुकलेली असेल, तर ते साठवणीतील फळांमुळे झाले असे आम्ही धरू व रक्कम देणार नाही; मात्र येत्या डिसेंबरच्या खेपेतील कंद आपल्याला खरेदीच्या भावात देऊ. येताना बिल आणावे आणि ते दोन कंद आजच फळांच्या कप्प्यातून काढून कागदी पिशवीत वेगळे ठेवावेत.